उचलताना आणि ठेवताना
सदर : वही आणि व्यवहार



गेल्या दोन महिन्यांत आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे. एका मंदिर समितीच्या खजिनदारांनी विचारले आहे, ‘धर्मशाळेतील पलंग वसतिगृहात नेले, तर संगणकावरील हिशेबात काही करावे लागते काय?’ दुसरे पत्र एका ग्रंथालय प्रमुखांचे आहे आणि तिसरे एका व्यापारी बांधवांचे; त्यांना कोल्हापूरच्या दुकानातील यंत्र निपाणीच्या शाखेत न्यावयाचे आहे. ‘वस्तू आपलीच, जागाही आपलीच, मग नोंद कशाला?’ असा सूर तिन्ही पत्रांत आहे.

उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून तो सांगणे मला अधिक आवश्यक वाटते.

एका तालुक्याच्या गावी आपल्या समाजाची एक विश्वस्त संस्था आहे. मंदिर, ग्रंथालय आणि विद्यार्थी वसतिगृह असे तिचे तीन विभाग. एप्रिल २०१९ मध्ये एका वृद्ध श्राविकेने आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला पाच पोलादी कपाटे दिली. प्रत्येकी ८,००० रुपये, एकूण ४०,०००. दाराच्या आतील बाजूस पतीच्या नावाची छोटी पितळी पट्टी. ग्रंथालयाची देखभाल करणारे एक वयस्कर सेवक होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. कपाटांच्या किल्ल्या अण्णांच्या कमरेला असत.

२०२१ च्या पावसाळ्यात ग्रंथालयाचे छत गळू लागले. ग्रंथ सभागृहात हलवले आणि रिकामी कपाटे व्हरांड्यात आली. महामारीमुळे बंद असलेले वसतिगृह त्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले. मुलांच्या सामानासाठी कपाटे हवी होती, म्हणून तत्कालीन चिटणीसांच्या तोंडी सांगण्यावरून ती तिकडे गेली. निर्णयात गैर काही नव्हते. परंतु त्याचा उल्लेख ना इतिवृत्तात झाला, ना जडसंग्रह नोंदवहीत, ना संगणकात. पुढे कपाटांना हिरवा रंग दिला गेला आणि बाहेरील क्रमांकही त्याखाली झाकले गेले.

२०२२-२३ च्या अखेरीस वसतिगृहात नवे लेखनिक आले. आपल्या यादीत नसलेली पाच कपाटे त्यांनी पाहिली आणि ‘देणगी स्वरूपात प्राप्त’ म्हणून अंदाजे ४०,००० रुपयांना हिशेबात चढवली. ग्रंथालयाच्या नावावर मात्र जुनी नोंद जशीच्या तशी होती. दर वर्षी दहा टक्के घसारा वजा होत होत ३१ मार्च २०२३ रोजी तिची शिल्लक २६,२४४ रुपये झाली होती. म्हणजे संस्थेच्या ताळेबंदात ६६,२४४ रुपयांची दहा कपाटे, आणि प्रत्यक्षात पाच!

२०२४ मध्ये नव्या समितीने उत्साहाने प्रत्यक्ष मोजदाद केली. वसतिगृहाच्या यादीत पाच कपाटे आणि तेथे उभी असलेलीही पाच. तेथे सारे जुळले. ग्रंथालयाच्या यादीतही पाच, पण तेथे एकही नाही. साहजिकच प्रश्न किल्ल्या बाळगणाऱ्याकडे गेला. अण्णा तोवर थकले होते. ‘कपाटे वसतिगृहात गेली असावीत,’ असे ते म्हणाले. पण वसतिगृहाच्या यादीत त्यांची स्वतःची पाच कपाटे स्वतंत्रपणे लिहिलेली होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही. उघड आरोप कोणी केला नाही. समितीने फक्त त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णा मंदिरात दर्शनाला येत, पण सभागृहाकडे वळत नसत.

या संस्थेचे हिशेब मी तपासत असे. मार्च २०२२ आणि मार्च २०२३ या दोन्ही वर्षांच्या यादीवर मी बरोबरची खूण केली होती. बेरजा जुळत होत्या, तेरीज जुळत होती. ग्रंथालयाच्या दारात जाऊन पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. प्रकरण कानी आल्यावर मी वसतिगृहाच्या खात्यातील त्या ‘देणगी’चा पावती क्रमांक शोधू लागलो. पावतीच नव्हती. मग वसतिगृहात जाऊन एका कपाटाचे दार उघडले. आतील बाजूस, मुलांच्या कपड्यांमागे, पितळी पट्टी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

अंतर्गत हस्तांतरणाची चूक इतकी लपून का राहते, हे प्रथम समजून घ्यावे. रोख रकमेत शंभर रुपयांची तफावत पडली तर संध्याकाळी पेटी मोजताना ती कळते. बँकेची चूक ताळमेळ घेताना उघडी पडते. परंतु संस्थेचा ताळेबंद सर्व विभागांचा मिळून एकच असतो. एका विभागाची वस्तू दुसऱ्या विभागात गेली, तर एकूण मालमत्तेत एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणून नोंद राहिली तरी काही अडत नाही. जे चुकते ते बेरजेबाहेर असते. कोणत्या विभागावर किती खर्च पडला, दात्याने दिलेली वस्तू कोठे आहे आणि तिची जबाबदारी कोणावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या दिवसापासून खोटी होऊ लागतात.

नोंद कशी करावी, ते याच कपाटांच्या उदाहरणाने पाहू. एप्रिल २०१९ मध्ये ४०,००० रुपयांना घेतलेली कपाटे. घसारा घटत्या शिल्लकेवर दहा टक्के. पहिल्या वर्षी ४,००० रुपये घसारा, शिल्लक ३६,०००. दुसऱ्या वर्षी ३,६००, शिल्लक ३२,४००. तिसऱ्या वर्षाचा घसारा ३,२४०. परंतु १ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे वर्षाच्या मध्यावर, कपाटे हलली. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे १,६२० रुपये ग्रंथालयाच्या खर्चात पडावयास हवे होते आणि उरलेले १,६२० वसतिगृहाच्या. हस्तांतरणाच्या दिवशी एकूण साचलेला घसारा ९,२२० रुपये आणि निव्वळ मूल्य ३०,७८० रुपये होते.

वसतिगृहाकडे काय जावयास हवे होते? केवळ ३०,७८० हा आकडा पुरेसा नाही. मूळ किंमत ४०,०००, साचलेला घसारा ९,२२०, मूळ खरेदीची तारीख, वस्तूचा क्रमांक आणि दात्याचे नाव हे सारे वस्तूबरोबर गेले पाहिजे. घर बदलले म्हणून माणसाची जन्मतारीख बदलत नाही. वस्तूचेही तसेच आहे. हस्तांतरित वस्तू नव्या विभागात नव्या खरेदीप्रमाणे चढवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. तसे केले की घसारा पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू होतो आणि एकाच वस्तूचा खर्च दोनदा पडू लागतो.

आपल्या बहुतेक संस्था टॅली वापरतात. त्यात प्रत्येक विभागासाठी एक ‘कॉस्ट सेंटर’ उघडावे : मंदिर, ग्रंथालय, वसतिगृह, धर्मशाळा. ही सोय पुष्कळ ठिकाणी केवळ उत्पन्न आणि खर्चाच्या खात्यांना लावलेली असते. फर्निचर, भांडी, विद्युत उपकरणे या मालमत्तेच्या खात्यांनाही ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. त्यानंतर हस्तांतरणाच्या दिवशी प्रथम त्या दिवसापर्यंतचा घसारा जुन्या विभागाच्या नावे टाकावा. मग जर्नल व्हाउचर करावे. फर्निचर खाते नावे, विभाग वसतिगृह, ४०,०००. फर्निचर खाते जमा, विभाग ग्रंथालय, ४०,०००. घसाऱ्याचे खाते वेगळे ठेवले असेल तर त्याची नोंद उलट दिशेने करावी : ग्रंथालयाकडे ९,२२० नावे, वसतिगृहाकडे ९,२२० जमा. घसारा थेट मालमत्तेच्या खात्यातूनच वजा करण्याची पद्धत असेल, तर दोन्ही बाजूंस ३०,७८० रुपयांची एकच नोंद पुरते. मात्र मूळ किंमत आणि खरेदीची तारीख तपशिलाच्या ओळीत लिहावी.

खाते एकच, रक्कम एकच, नावेही तेच आणि जमाही तेच, हे पाहून काहींना ही नोंद निरर्थक वाटते. तिचा सारा अर्थ विभागाच्या नावात आहे.

आता तपशिलाची ओळ. तेथे ‘कपाटे हलवली’ एवढेच लिहून भागत नाही. पाच वर्षांनी आपल्यापैकी कोणीही समितीवर नसताना ती ओळ वाचणाऱ्याला सर्व कळले पाहिजे. उदाहरणार्थ : ‘छत गळतीमुळे ग्रंथालयातील कपाटे क्रमांक ४१ ते ४५ वसतिगृहात दिली, समिती ठराव अमुक तारखेचा, देणारे ग्रंथालय सेवक, घेणारे वसतिगृह अधीक्षक, मूळ देणगी पावती क्रमांक अमुक.’ व्हाउचरची तारीख वस्तू प्रत्यक्ष हलली त्या दिवसाची असावी. संगणकासमोर बसण्यास वेळ मिळाला त्या दिवसाची नको.

क्रमांकाविषयी एक सूचना. अनेक संस्था वस्तूच्या क्रमांकातच विभागाचे नाव घालतात : ‘ग्रंथालय ३’, ‘वसतिगृह ७’. वस्तू हलली की तो क्रमांक दिशाभूल करू लागतो, मग कोणी तरी तो खोडतो किंवा त्यावर रंग देतो. क्रमांक संस्थेचा असावा, आयुष्यभर एकच असावा, आणि जागा ही नोंदवहीतील वेगळ्या रकान्यात लिहावी. जागा बदलते, क्रमांक बदलत नाही.

मोठ्या संस्थांतून आणि कारखान्यांतून मालमत्तेसाठी स्वतंत्र विभाग असलेल्या प्रणाली वापरल्या जातात. ईआरपीनेक्स्ट या मुक्त प्रणालीत मालमत्तेच्या हालचालीचा वेगळा दस्तऐवजच असतो. त्यात कोठून, कोठे आणि कोणाच्या ताब्यात हे भरावे लागते. सोय उत्तम आहे. मात्र कोणत्याही प्रणालीत एक गोष्ट तपासून घ्यावी. जागा बदलल्याची नोंद केली म्हणजे घसाऱ्याचा खर्चही आपोआप नव्या विभागाकडे जातो, असे गृहीत धरू नये. वस्तूची जागा, वस्तूचा ताबा आणि वस्तूचा खर्च या तीन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही ठिकाणी बदल झाला की नाही ते पाहावे.

आपल्या संस्थांत वारंवार होणारा आणखी एक गोंधळ येथेच दूर करावा. शेजारच्या गावी पंचकल्याणक महोत्सव असतो; आपली पालखी, सतरंज्या, मोठी पातेली पंधरा दिवसांसाठी तेथे जातात. हे हस्तांतरण नव्हे, ती तात्पुरती नेआण आहे. तिच्यासाठी जर्नल व्हाउचर नको. देताना व परत घेताना सह्या घेतलेली साधी वही पुरे. याउलट, एखादी वस्तू कायमची दुसऱ्या संस्थेला दिली, तर तेही अंतर्गत हस्तांतरण नव्हे. दोन्ही संस्थांचे विश्वस्त तेच असले तरी दोन नोंदणीकृत संस्था म्हणजे दोन स्वतंत्र मालक. तेथे वस्तू आपल्या पुस्तकातून पूर्णपणे कमी करावी लागते, आणि त्याआधी ठराव व कायदेशीर सल्ला घ्यावा लागतो.

दात्याने विशिष्ट कार्यासाठी दिलेल्या वस्तूंबाबत तर अधिकच जपावे. मंदिराची पूजोपकरणे, छत्र, चामर, भामंडल अन्य विभागाच्या वापरात आणण्याचा प्रश्नच उद्भवू नये. ग्रंथालयासाठी दिलेली वस्तू वसतिगृहात न्यावी लागली, तर समितीचा ठराव करावा आणि दाता अथवा त्याचे कुटुंबीय हयात असतील तर त्यांना विचारून लेखी संमती घ्यावी. बहुधा ते आनंदाने देतात. न विचारल्याचे दुःख मात्र दीर्घकाळ राहते.

कायद्याचीही येथे अपेक्षा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आणि त्याखालील १९५१ चे नियम यांनुसार, संस्थेची स्थावर व जंगम मालमत्तेची नोंदवही योग्य रीतीने ठेवली आहे काय आणि तीतील बदल वेळोवेळी धर्मादाय कार्यालयास कळवले आहेत काय, हे हिशेबतपासनिसाने आपल्या अहवालात सांगावयाचे असते. शासकीय नोंदवहीतील नोंदीत बदल झाल्यास कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अर्ज करावा लागतो. विभागांतर्गत हलवाहलवीने त्या नोंदीला दर वेळी धक्का लागेलच असे नाही. पण आपली स्वतःची नोंदवही खरी नसेल, तर कोणता बदल कळवावयाचा हेच कळणार नाही.

व्यापारी बांधवांच्या पत्राचे उत्तर थोडक्यात देतो. कोल्हापूरहून सांगलीला, एकाच जीएसटी नोंदणीखालील शाखेत यंत्र नेले, तर ती विक्री होत नाही. डिलिव्हरी चलन करून माल न्यावा. परंतु कोल्हापूरहून निपाणीला जाताना राज्याची सीमा ओलांडली जाते. कर्नाटकातील शाखेची नोंदणी वेगळी असते, आणि मालक व पॅन क्रमांक एकच असला तरी जीएसटी कायदा या दोन नोंदण्यांना दोन भिन्न व्यक्ती मानतो. पैसे न घेता यंत्र पाठवले तरी तो पुरवठा ठरतो. त्यासाठी कर बीजक करावे लागते आणि मालाचे मूल्य ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर ई-वे बिलही लागते. खरेदीच्या वेळी घेतलेल्या कराच्या परताव्याचा हिशेब येथे येतो, म्हणून गाडी भरण्यापूर्वीच आपल्या कर सल्लागारांना आकडे दाखवावेत. प्राप्तिकराच्या बाजूने मात्र काही बदलत नाही. दोन्ही शाखा एकाच करदात्याच्या असल्याने यंत्र त्याच मालमत्ता गटात राहते. निपाणीला ते ‘नव्याने वापरात आले’ असे दाखवून घसारा नव्याने मोजू नये.

हा सारा तांत्रिक भाग झाला. आपल्या परंपरेत या विषयाला एक जुने नाव आहे, ते सांगून आवरतो. मुनिराजांच्या पाच समितींपैकी चौथी आदाननिक्षेपण समिती. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढीच उपकरणे जवळ असताना, त्यांतील प्रत्येक वस्तू उचलताना आणि ठेवताना डोळ्यांनी पाहून, पिंछीने हळुवार परिमार्जन करून मगच हात लावावयाचा. त्यामागचा मूळ हेतू जीवरक्षणाचा आहे. सूक्ष्म जीवाला आपल्या निष्काळजीपणाने इजा होऊ नये हा. हिशेबाच्या नोंदीला त्या समितीची बरोबरी देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु आपण श्रावक त्यातून एवढे तर नक्कीच शिकू शकतो की उचलणे आणि ठेवणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत आणि दोन्हींकडे लक्ष हवे. आपल्या संस्थेत कपाटे उचलली गेली आणि ठेवलीही गेली. पाहिले मात्र कोणीच नाही. इजा झाली ती एका वृद्ध माणसाला.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, म्हणजे खोटे लिहिणे. आमच्यापैकी कोणीही जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते. तरीही ऑक्टोबर २०२१ पासून ती वही खोटे बोलत होती, आणि तिच्याखाली माझी सही होती.

पितळी पट्टी सापडल्यावर समितीची सभा झाली. दुबार चढवलेली ४०,००० रुपयांची नोंद रद्द केली, त्यावर काढलेला घसारा परतवला आणि हस्तांतरणाची नोंद तपशिलासह केली. मागील वर्षांचे हिशेब पूर्ण झालेले असल्याने दुरुस्ती चालू वर्षात दाखवून तिचे कारण अहवालात लिहिले. याच सभेत इतिवृत्तात आणखी एक ठराव नोंदवला गेला : कपाटांबाबत ग्रंथालय सेवकांचा कोणताही दोष नव्हता, आणि त्यांना झालेल्या त्रासाबद्दल समिती व हिशेबतपासनीस दिलगीर आहेत. अध्यक्ष आणि मी तो ठराव घेऊन अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, ‘छत दुरुस्त झालं का? ग्रंथ अजून सभागृहातच आहेत, त्यांना ओल लागेल.’ किल्ल्या त्यांनी परत घेतल्या नाहीत. आता वय झाले, म्हणाले.

दीपावलीला भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी आपण वहीपूजन करतो. या वर्षी पूजनाच्या आधी एक दिवस काढावा. जडसंग्रह नोंदवही हाती घेऊन विश्वस्तांपैकी दोघांनी प्रत्येक खोलीत जावे. यादी हाती घेऊन वस्तू शोधावी. मग उलट, समोर दिसणारी प्रत्येक वस्तू यादीत शोधावी. पहिल्या फेरीत नाहीशा झालेल्या वस्तू कळतात, दुसऱ्या फेरीत आगंतुक. आमच्या संस्थेत ही दुसरी फेरी कोणी केली असती, तर बिनपावतीची पाच हिरवी कपाटे त्याच दिवशी सापडली असती.